आवडीनं मराठी घेतलं आणि वाचनच सुटलं

बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला मराठी घेतलेल्या एका मुलीनं विचारलं आहे: दहावीपर्यंत शाळेतली पुस्तकांची दोन कपाटं वाचून संपवली, घरच्यांशी भांडून मराठी घेतलं, मार्कही बरे पडतात. पण गेल्या वर्षभरात स्वतःहून एकही पुस्तक शेवटपर्यंत वाचलेलं नाही. पुस्तक उघडलं की 'यावर कोणता प्रश्न येईल' एवढंच सुचतं. विषय निवडताना चूक झाली का? आणि वाचन परत कसं येईल?

तुला 'तू'च म्हणते. सत्तावीस वर्षं वर्गात तेच म्हणत आले, आता जीभ वळायची नाही.

तुझ्या प्रश्नात एक वाक्य तू सहज लिहून गेली आहेस: "नेमलेली कादंबरी पूर्ण वाचायची राहिली, पण तिच्यावरची सात उत्तरं तयार आहेत." मला वाटतं, दुखणं काय आहे ते तू इथंच सांगून टाकलंस. तू पुस्तक वाचायचं सोडून पुस्तकाविषयी वाचायला लागलीस. लग्नाला न जाता आहेराची यादी पाठ करावी, तसं हे. यादी अगदी बरोबर असते, पण लग्न कसं झालं ते काही सांगता येत नाही.

यात सगळा दोष तुझा नाही. कागदावर सत्र पंधरा आठवड्यांचं असतं. प्रवेश लांबतात, मग गणपती येतात, मग अंतर्गत परीक्षा, युवा महोत्सव. हातात नऊ-दहा आठवडे उरतात. ग्रंथालयात नेमलेल्या कादंबरीच्या पाच प्रती आणि वर्गात पंचावन्न मुलं. बी.टी. कार्डावर पुस्तक आठ दिवसांसाठी मिळतं, आणि तुझा नंबर लागेपर्यंत वर्गात 'कादंबरीची वैशिष्ट्ये' सांगून झालेली असतात. कॉलेजच्या गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे मात्र गाईड केव्हाही मिळतं. साहजिकच आधी गाईड वाचलं जातं. मग कधीतरी खरी कादंबरी हातात येते तेव्हा त्यातला नायक एकाकी आहे, त्याची आई सोशिक आहे आणि गाव हे प्रतीक आहे, हे सगळं आधीच कळलेलं असतं. मग ती माणसं भेटत नाहीत. आपण नुसती ओळखपरेड घेत बसतो.

आम्ही शिक्षकांनीही यात भर घातली आहे, माझ्यासकट. पहिली सहा-सात वर्षं मी नोट्स सांगत असे. मुलं मान खाली घालून लिहून घेत. एका वर्षी एका कादंबरीतल्या दोन पात्रांचं नातं मी चुकून 'चुलतभाऊ' असं सांगितलं. ते मामेभाऊ होते, आणि त्या कथानकात या फरकाला महत्त्वही होतं. परीक्षेचे पेपर तपासायला घेतले तर एकामागून एक चुलतभाऊच. एकाही पेपरात मामेभाऊ नाही. त्या रात्री मला माझ्या चुकीची लाज वाटली, पण भीती वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची: वर्गात मला कोणी टोकलं नव्हतं, म्हणजे कादंबरी कोणी वाचलीच नव्हती. दुसऱ्या वर्षापासून मी नोट्स सांगणं बंद केलं. मुलं नाराज झाली, दोन पालक तक्रार घेऊन प्राचार्यांकडे गेले. तो विषय वेगळा.

तर पहिली गोष्ट वाचण्याच्या क्रमाची. मूळ पुस्तक आधी, बाकी सगळं नंतर. बाकी सगळं म्हणजे गाईड, माझी व्याख्यानं, समीक्षेचे लेख, यूट्यूबवरचे सारांश, आणि पुस्तकाची प्रस्तावनासुद्धा. पुष्कळ प्रस्तावना मुळात मलपृष्ठानंतर वाचायच्या असतात, त्या चुकून पुढे छापल्या जातात असं माझं मत आहे. पहिल्या वाचनाला हातात पेन्सिल घेऊ नकोस. आठवीत असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत जशी वाचायचीस, लोळत, मध्येच झोपत, तशीच वाच. कंटाळा आला तर पानं गाळ. चालतं. कोणी बघत नाही.

दुसरी गोष्ट तुला आवडणार नाही. आठवीत होती ती आवड जशीच्या तशी परत येणार नाही. ती भूक गोष्टीची होती, पुढे काय झालं याची. वय वाढलं की आवडही वयात यावी लागते, आणि ती वयात येते ती दुसऱ्या वाचनात. पहिल्यांदा वाचताना आपण घटनेमागे धावत असतो. दुसऱ्यांदा घटना माहीत असते, म्हणून लेखकानं ती कशी सांगितली आहे याकडे डोळा जातो. कुठे थांबला, काय लपवलं, एकच शब्द परत परत का आणला. साहित्याचा अभ्यास म्हणतात तो हाच. परीक्षेसाठी करतो त्याला अभ्यास म्हणायची आपल्याला सवय लागली आहे, एवढंच.

एक उदाहरण सांगते. भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' १९६३ साली आली. खानदेशातल्या खेड्यातून पुण्यात शिकायला आलेल्या पांडुरंग सांगवीकरची ती गोष्ट. माझ्या वर्गात एसटीनं बावीस किलोमीटरवरून येणारा एक मुलगा होता, घरी ऊस आणि दोन म्हशी. त्यानं पुस्तक टेबलावर आणून ठेवलं आणि म्हणाला, "मॅडम, यात काही घडतच नाही." मी म्हटलं, बरं, परत वाच, पण या वेळी फक्त एका शब्दावर लक्ष ठेव: 'वगैरे'. तो आठवड्यानं आला तो वहीचं एक पान घेऊन, त्यावर पृष्ठक्रमांकांची रांग. म्हणाला, "मॅडम, जिथं त्याला नीट सांगायचं नसतंय, तिथं तो वगैरे म्हणतोय. मी पण घरात तसंच करतोय. वडिलांनी विचारलं की, अभ्यास वगैरे चाललाय म्हणून सांगतोय." समीक्षेत याला भाषाशैलीचा विचार म्हणतात आणि त्यावर जाड ग्रंथ आहेत. हा पोरगा एका शब्दाचं शेपूट धरून तिथं पोचला होता. पुढच्या सत्रात तो ग्रंथपालांना छळू लागला.

तुझ्या कादंबरीतही असा एखादा शब्द असेल. एखादी सवय असेल. पाऊस नको तिथं पडत असेल, एखाद्या पात्राला नावच दिलेलं नसेल, एक आख्खं वर्ष दोन ओळींत उरकलेलं असेल. दुसऱ्या वाचनाला पेन्सिल घे आणि त्या एकाच गोष्टीच्या मागे लाग. सगळं टिपायला गेलीस की परत नोट्स होतील.

जुन्या मराठीचा पेपर हा वेगळाच डोंगर आहे, आणि तुझ्यासारख्या वाचणाऱ्या मुलींचीही हिंमत तिथं सुटते. 'ज्ञानेश्वरी' १२९० सालची. सव्वासातशे वर्षांपूर्वीची भाषा पहिल्या झटक्यात कळली नाही तर त्यात तुझं काही चुकलं नाही. पण हा डोंगर वाटतो त्याहून बराच लहान आहे. 'आघवे' म्हणजे सगळे, 'येर' म्हणजे इतर, 'आथि' म्हणजे आहे, 'जंव' आणि 'तंव' म्हणजे जोवर आणि तोवर. असे पंचवीस-तीस शब्द वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेव; हेच शब्द फिरून फिरून येतात. दोन आठवड्यांनी ते पान उघडावं लागणार नाही.

आणि मोठ्यानं वाच. ओवी डोळ्यांसाठी रचलेली नाही. साडेतीन चरणांची ती रचना, पहिल्या तीन चरणांना यमक आणि शेवटचा आखूड चरण मोकळा सोडलेला. मनातल्या मनात वाचताना तो आखूड चरण काहीतरी राहून गेल्यासारखा वाटतो. तोंडानं म्हटलीस तर कळतं की श्वास बरोबर तिथं संपतो. तुझ्या आजीला जात्यावरच्या ओव्या येत असतील तर तिच्याजवळ बस. हात कुठं फिरतो आणि शब्द कुठं थांबतो ते बघ. छंदाचं एवढं चांगलं प्रात्यक्षिक मला विद्यापीठात कोणी दिलं नव्हतं.

'लीळाचरित्रा'चं तर वेगळंच. महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांच्या आठवणी म्हाइंभटांनी त्यांच्या सहवासात राहिलेल्या माणसांना गाठून, विचारून गोळा केल्या. म्हणजे तेराव्या शतकातल्या मुलाखती म्हण. वाक्यं छोटी, बोलल्यासारखी. कोण कुठं बसलं होतं, कोणी काय विचारलं, जेवायला काय होतं. पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ नावाच्या सांकेतिक लिपीत लिहून ठेवले, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती लिपी उलगडेपर्यंत पंथाबाहेरच्या माणसाला ते वाचता येत नव्हते. वर्गात हे सांगितलं की शेवटचा बाक जागा होतो. गुप्त लिपी म्हटल्यावर सगळ्यांनाच ती हवी असते.

अडलेल्या शब्दासाठी अंदाज बांधू नकोस, कोश उघड. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला. १८५७ची दुसरी आवृत्ती साठ हजारांच्या घरातल्या शब्दांची आहे. दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' १९३२ ते १९३८ या काळात सात भागांत आला. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर हे दोन्ही कोश फुकट आहेत आणि तुझ्या मोबाइलवर उघडतात. ज्या मोबाइलनं वाचन खाल्लं म्हणतात, त्याच मोबाइलवर. मोल्सवर्थमध्ये एक शब्द शोधायला गेले आणि अर्ध्या तासानं भलत्याच पानावर सापडले, असं माझं अजून होतं. शेतीचे, भांड्यांचे, शिव्यांचे, गुरांच्या रंगांचे एवढे शब्द त्या साहेबानं आणि त्याच्या हाताखालच्या शास्त्र्यांनी गोळा करून ठेवले आहेत की तो कोश सलगही वाचता येतो. कोश वाचणारी मुलगी म्हणून हॉस्टेलवर हसतील. हसू देत.

आता माझंही वाचन एकदा सुटलं होतं, ते सांगते, कारण तू विचारलंस की ते परत कसं येतं.

एम.ए. झाल्यावर मी नेट-सेटच्या, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षांच्या मागे होते. तेव्हाचं परीक्षेचं रूप वेगळं होतं. आता नेट म्हणजे तीन तासांत दीडशे बहुपर्यायी प्रश्न, तीनशे गुणांचे. पण पाठांतराचा फास तोच. कोणता ग्रंथ कोणत्या साली, कोणत्या संमेलनाचा अध्यक्ष कोण, कोणत्या कवीचं टोपणनाव काय. दीड-दोन वर्षं मी ललित असं एकही पान वाचलं नाही. पुस्तकांच्या दुकानात गेले तरी मुखपृष्ठ न बघता आतलं प्रकाशनवर्ष बघायची. परीक्षा पास झाले, नोकरी लागली, आणि तरीही वाचवत नव्हतं. चार पानं झाली की डोळे घसरायचे. मला वाटलं, संपलं आपलं.

पहिल्याच वर्षी कॉलेजच्या वार्षिकांकाचं काम नव्या म्हणून माझ्या गळ्यात पडलं. डीटीपी आली होती, पण प्रुफं कागदावर यायची, आणि आमचे तेव्हाचे ज्येष्ठ सहकारी जुन्या रिवाजाचे होते. त्यांची पद्धत अशी की एकानं मूळ हस्तलिखित मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्यानं प्रुफावर नजर ठेवायची. वाचायचं म्हणजे सगळं वाचायचं: स्वल्पविराम, पूर्णविराम, अवतरण चालू, अवतरण बंद, दुसरा उकार, पहिली वेलांटी. मला वाचक केलं. विद्यार्थ्यांच्या कविता आणि प्रवासवर्णनं, त्यातली निम्मी गोव्याच्या सहलीची. पहिले दोन दिवस जीव नकोसा झाला. तिसऱ्या दिवशी एफ.वाय.च्या एका मुलीचा लेख होता, घरातली गाय विकली त्याबद्दलचा. "गाय गाडीत चढेना स्वल्पविराम दादानं शेपूट पिरगाळलं स्वल्पविराम मी घरात गेले पूर्णविराम." हे मी मोठ्यानं वाचलं आणि थांबले. ते वाक्य 'मी घरात गेले' इथं संपलं होतं. ती रडली का, तिनं काय केलं, काही नाही. समोरचे सर चष्म्यावरून बघत म्हणाले, "हं, पुढे." मला मात्र कित्येक दिवसांनी एक वाक्य ऐकू आलं होतं.

त्या रात्री मी घरी जाऊन एक जुनी, आधी वाचलेली कादंबरी काढली आणि मोठ्यानं, हळू, पाच पानं वाचली. पाचच. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाच. डोळ्यांना घसरायची सवय लागलेली असते. तोंडाला घसरता येत नाही. तुला करायला सांगण्यासारखा एकच उपाय म्हटलं तर हाच सांगेन: नवं पुस्तक नको, जुनं आवडलेलं घे, आणि रोज पाच पानं आवाज काढून वाच. हॉस्टेलवर जमणार नसेल तर गच्चीवर जा.

घरून ये-जा करत असशील तर त्याहून चांगलं: कोणाला तरी वाचून दाखव. आमच्या एका विद्यार्थिनीनं लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आजीला वाचून दाखवली, शेंगा फोडायच्या दिवसांत, संध्याकाळी. १९३४ ते १९३६ या काळात भागाभागानं आलेलं हे पुस्तक. लक्ष्मीबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या, अक्षरओळख लग्नानंतरची. या पोरीला ते पुस्तक 'स्त्री आत्मचरित्राची वैशिष्ट्ये' या प्रश्नापुरतं माहीत होतं. आजी मात्र लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याचे प्रसंग ऐकून इतकी हसली की शेंगांची पाटी लवंडली, आणि मग आपल्या सासऱ्यांच्या गोष्टी सांगत बसली. मुलगी मला सांगत होती, "मॅडम, मला ते विनोदी आहे हे माहीतच नव्हतं." आमच्या नोट्समध्ये 'सहज, निवेदनात्मक शैली' असं लिहिलं होतं ना! विनोदी असं नव्हतं लिहिलेलं.

ग्रंथालयाकडे वळते. तुमच्याकडे बहुतेक खिडकीवर चिठ्ठी देऊन पुस्तक मागायची पद्धत असेल. चिठ्ठीवर पुस्तक मागायचं तर त्याचं नाव आधी माहीत असावं लागतं. म्हणजे माहीत नसलेलं पुस्तक कधीच भेटत नाही. ग्रंथपालांकडे आत जायची परवानगी माग. नीट विचारलंस तर बहुतेक जण देतात, साहित्याच्या मुलांना तर हमखास. वाचणारं पोर दिसलं की त्यांनाही बरं वाटतं. ड्यूई पद्धतीनं, म्हणजे विषयवार क्रमांक देऊन लावलेलं ग्रंथालय असेल तर ८९१.४६ या क्रमांकाची कपाटं तुझी. तिथं मराठी साहित्य असतं. मराठी भाषा आणि व्याकरण ४९१.४६ला. कपाटासमोर उभी राहा आणि नेमलेल्या पुस्तकाच्या डावी-उजवीकडची दोन पुस्तकं काढ. मला माझे निम्मे आवडते लेखक असेच शेजारी म्हणून भेटलेले आहेत. आपल्याकडच्या ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन मुळात गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठात ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यातलं एक आहे: प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. चिठ्ठीच्या खिडकीतून ते सूत्र आत जात नाही, असं मी आमच्या ग्रंथपालांना म्हणते आणि ते हसून किल्ली देतात.

कॉलेजचं भागलं नाही तर गावातलं सार्वजनिक वाचनालय. आपल्याकडे ही परंपरा केवढी जुनी आहे! नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५०चं. १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानंतर अनुदान मिळू लागलं आणि तालुक्या-तालुक्याला, गावा-गावात वाचनालयं झाली. अ ते ड असे त्यांचे वर्ग असतात. तुमच्या गावातलं ड वर्गातलं का असेना, वर्तमानपत्राच्या टेबलावर म्हातारी माणसं बसलेली असतील, तिकडे न बघता सरळ मागच्या खोलीत जा. तिथं बहुतेक ठिकाणी जुने दिवाळी अंक असतात, कधी बांधलेले, कधी दोरीनं नुसते गठ्ठे केलेले. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तिथून ही रीत सुरू झाली. वाचन सुटलेल्या माणसाला दिवाळी अंकाइतकं सोपं काही नाही. एक कथा, वीस मिनिटं, आवडली नाही तर पुढची. शिवाय अभ्यासक्रमातल्या लेखकांच्या कथा ज्या सोबतीनं पहिल्यांदा छापल्या गेल्या ती सोबत दिसते: शेजारी राशिभविष्य, केशतेलाची जाहिरात, एखादं भयंकर व्यंगचित्र. लेखक माणसांत आल्यासारखा वाटतो.

वाङ्मय मंडळाचं काय? तुमच्याकडे ते असेलच, आणि बहुधा सत्तावीस फेब्रुवारीला जागं होऊन अठ्ठावीसला झोपत असेल. कार्यक्रम, हार, पाहुण्यांची ओळख, आभार. त्यावर जीव लावू नकोस. चौघी-पाचजणी मिळा, आठवड्यातून एकदा, पावणेचार ते सव्वाचार, एसटी यायच्या आधी. एकीनं एक कविता किंवा कथेचं एक पान वाचायचं आणि बाकीच्यांनी 'आवडली' किंवा 'छान आहे' हे शब्द न वापरता बोलायचं. पहिल्या खेपेला सगळ्या गप्प बसतील. दुसऱ्या खेपेला भांडण होईल. भांडण झालं की समजायचं, चाललंय बरोबर.

परीक्षेचं मात्र बोललंच पाहिजे, कारण मार्क सोडून दे असं सांगणारी मी कोण. विद्यापीठाच्या कॅपला, म्हणजे एकत्रित तपासणीच्या केंद्रावर, आम्ही पेपर तपासायला बसतो तेव्हा एकेकीपुढे गठ्ठे असतात. त्यातल्या निम्म्याहून जास्त उत्तरांची सुरुवात अशी: 'प्रस्तुत कादंबरीत लेखकाने ग्रामीण वास्तवाचे प्रभावी चित्रण केले आहे.' पन्नासाव्या वेळी हे वाचलं की डोळे आपोआप पुढच्या ओळीवर जातात. तू एक कर. प्रभावी, हृदयस्पर्शी, वास्तववादी, उत्कृष्ट हे चार शब्द स्वतःला बंदी कर. त्यांच्या जागी पुस्तकातला एक प्रसंग लिही, तोही नेमका: कोण, कुठं, काय म्हणालं. 'आई सोशिक आहे' याऐवजी 'आई तीनदा जेवायला वाढते आणि तिन्ही वेळा ती स्वतः जेवल्याचा उल्लेख नाही' असं लिहिलंस तर परीक्षक खुर्चीत सरळ बसेल. हे गाईडमधून येत नाही. दुसऱ्या वाचनातूनच येतं. म्हणजे मार्कांचा रस्ता आणि आवडीचा रस्ता निदान एवढ्यापुरता तरी एकच आहे. माझ्या अनुभवात असं लिहिणाऱ्या मुलांचे मार्क कमी झालेले नाहीत. एखाद्या आळशी परीक्षकाकडे दोन मार्क जातील, ते जाऊ दे.

सन-सनावळ्या आणि टोपणनावं पाठ करावीच लागतील, पुढे नेट-सेट द्यायची तर नक्कीच. त्यासाठी वेगळी वही आणि वेगळी वेळ ठेव, सकाळची. कादंबरीच्या वेळेत ती वही आणू नकोस. मी दोन्ही एकत्र केलं आणि दोन वर्षं घालवली.

आता विषय चुकला का? घरचे 'मराठी घेऊन काय करणार' म्हणत असतील, त्यामुळेही हा प्रश्न पडला असेल. खरं सांगायचं तर प्राध्यापकी डोळ्यांपुढे ठेवून मराठी घेतलं असशील तर सावध राहा; तासिका तत्त्वावर दहा-दहा वर्षं काढलेली हुशार मुलं मी रोज बघते. पण बाकी दारं आहेत. मुद्रितशोधन, भाषांतर, उपशीर्षकं, श्राव्य पुस्तकं, शालेय पुस्तकांचं संपादन. यूपीएससीला मराठी साहित्य हा वैकल्पिक विषय घेता येतो, अडीचशे गुणांचे दोन पेपर. यातल्या प्रत्येक कामात एक वाक्य दुसऱ्या वाक्याहून का बरं आहे, हे सांगता येणारं माणूस लागतं. सात उत्तरं पाठ असणारं नाही.

विषय चुकलेला नाही. ज्या मुलीला वाचन सुटल्याचं दुःख होतंय तिचा विषय चुकत नसतो. ज्यांचा चुकतो त्यांना ते लक्षातही येत नाही. त्या मजेत असतात.

तर शनिवारी ग्रंथालयात जा आणि ती राहिलेली कादंबरी घरी आण. सात उत्तरांची वही आईला दे आणि दहा दिवस डाळीच्या डब्यामागे ठेवायला सांग. कादंबरी पहिल्या पानापासून वाच, पेन्सिल न घेता. मग एकदा पेन्सिल घेऊन. त्यानंतर वही परत माग आणि सातही उत्तरं तपास, जणू दुसऱ्या कोणाचा पेपर आला आहे. त्यातलं कोणतं उत्तर चूक निघालं ते मला कळव. एक तरी निघेल. कुठेतरी कोणाचा तरी मामेभाऊ चुलतभाऊ झालेला असेलच.